सांडव्यावर बसलेली ठकू

कुणाच्या पणजीनेही पाहिलं नाही, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. वाघदऱ्याच्या उतारावर तेव्हा रानारानाला बांध होते आणि खालच्या तळ्याचा तळ दिसायचा, असं म्हणतात. पुढे पेरा वाढावा म्हणून रावजी पाटलाने आपल्या रानातले बांध मोडले. त्याचं बघून बाकीच्यांनीही मोडले. तळं गढूळ झालं. गुरं पाण्याला तोंड लावेनात.

पाटील चावडीवर म्हणाला, "आभाळातूनच गढूळ पडतंय. त्याला कोण काय करणार?"

ठकू तळ्याकाठी एकटीने रान कसायची. आपला बांध तिने मोडला नव्हता. ती म्हणाली, "पावसालाच विचारू."

आश्लेषाचा पाऊस लागला तशी ती निघाली. ज्या सांडव्यातून रानाचं पाणी बाहेर पडतं, तिथं तिने मडकं पुरलं. असं प्रत्येक रानाला. एक मडकं नुसतं अंगणात ठेवलं. पाऊस उघडल्यावर सगळी मडकी देवळापुढे मांडली आणि पाणी निवळू दिलं. अंगणातल्या मडक्यात स्वच्छ पाणी. ठकूच्या रानाच्या मडक्यात बोटभर गाळ. पाटलाच्या मडक्यात गळ्यापर्यंत काळी माती.

पाटलाने ते लाथेने फोडलं.

"फोडा," ठकू म्हणाली. "पुढच्या सरीला दुसरं मांडीन."

तिने मांडलं. त्याने फोडलं. मग हिला मडकं द्यायचं नाही, असा त्याने कुंभाराला दम भरला. तेव्हा भर पावसात ठकू स्वतःच पाटलाच्या सांडव्यात जाऊन बसली. लोंढा पाठीवर आदळत राहिला, पाठीशी गाळ चढत गेला, कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. पण तिला ओलांडून गेलेलं पाणी नितळ होतं, असं म्हणतात.

सारा गाव जमला. पाटील इरलं टाकून धावत आला. "ऊठ ठके, मरशील."

"बांध घाला. मग उठते."

सगळ्यांच्या देखत पाटलाने दगड उचलला. मग गावाने उचलले. ठकू उठून घरी गेली, असं कुणी म्हणतात. कुणी म्हणतात, ती त्या बांधातच राहिली.

आजही आश्लेषात वाघदऱ्यात सांडव्यासांडव्यावर मडकी पुरतात. ज्याच्या मडक्यात गाळ जास्त, त्याच्या बांधावर सारा गाव जातो. पहिला दगड मात्र त्यानेच उचलायचा, मग तो माणूस कितीही मोठा असो. कुणी कां-कूं केली, तर बाया पदर खोचून म्हणतात, "नसेल उचलायचा तर सांग. आम्ही बसतो."