कोंडाजीचा उजवा कोपरा

बोरवंड गावात कोंडाजी नावाचा एक सुतार होता. हात कसबी, पण तोंडाला लगाम नाही. काम बिघडलं की दोष दुसऱ्याचा, हे त्याचं ठरलेलं. कधी लाकूड ओलं निघायचं, कधी घरातली माणसं मध्ये बोलायची. कामं फारशी बिघडत नसत, म्हणून लोक त्याचं ऐकून घेत.

त्या वर्षी गावाने नवं देऊळ बांधलं. दगडी दाराभोवती कोरीव सागवानी पट्ट्या बसवायचं काम कोंडाजीकडे आलं. या कामाची गावात एक जुनी रीत होती. कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरक्या कापून एकमेकींना भिडवल्या, की गावातल्या सगळ्यात वयस्क बाईने त्या सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर सुताराने आपली करवत देवापुढे ठेवायची आणि गावात पुन्हा हत्यार धरायचं नाही. कोंडाजीच्या बापाची आणि आजाची करवत कधी देवापुढे गेली नव्हती.

कोंडाजीने गुण्या लावला. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. काटकोनाचा बरोबर अर्धा कोन धरून त्याने पट्ट्या कापल्या. डावा कोपरा झकास बसला. उजव्या कोपऱ्यात मात्र पट्ट्यांची आतली टोकं भिडली आणि बाहेरच्या बाजूला फट राहिली. त्याने नव्या पट्ट्या कापल्या, तरी फट तेवढीच. दाराची उजवी बाजू खाली जराशी आत सरकलेली होती, त्यामुळे तिथे काटकोन नव्हताच.

झालं, कोंडाजीला कारण सापडलं. भिंत बांधणाऱ्या रखमाजी गवंड्याच्या नावाने त्याने गावभर शंख केला. खालचा कातळच तसा आहे, दगड दुसरीकडे बसेना, असं रखमाजीने समजावून पाहिलं. आपण दोघं मिळून तोड काढू, असंही तो म्हणाला. कोंडाजीने त्याला देवळाची पायरीसुद्धा चढू दिली नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला तरी फट होतीच. मग कोंडाजीने लाखेत सागवानाचा भुसा कालवला, फटीत भरला आणि घासून वर तेलाचा हात दिला. लाकूड कुठे संपतं आणि लाख कुठे सुरू होते, ते त्याचं त्यालाही दिसेना. तो खूश झाला.

सारं गाव देवळापुढे जमलं. गावातल्या सगळ्यात वयस्क आवडाबाईंना दोघींनी धरून आणलं. त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण बोटं अजून शाबूत होती. त्यांनी डाव्या सांध्यावरून नख फिरवलं, मग उजव्या. नख कुठेच अडकलं नाही. त्यांनी तिथेच पट्टीवर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, "कोंडाजी, अगदी तुज्या बापाचा हात हाय रं."

हलगीवाल्याने काठी उचलली. एवढं ऐकून कोंडाजीने फुगायला हवं होतं. पण बापाचं नाव निघालं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हलगीवाल्याला थांबवलं आणि करवत काढून देवापुढे ठेवली.

"आजी, तिथं लाकूड न्हाई. म्या लाख भरलीया."

लोकांत कुजबुज सुरू झाली. करवत गेलीच आता, असं कोणी म्हणू लागलं. आवडाबाईंनी सगळ्यांना गप्प केलं.

"रीत नखाची हाय, आन् नख अडकलं न्हाई. करवत उचल. पर सांधा पुन्यांदा कर, हितंच, समद्यांम्होरं. आता अडकलं तर मंग करवत देवाची."

दोन पट्ट्यांपुरतंच लाकूड उरलं होतं. कोंडाजीने सवयीने गुण्याला हात घातला. तेवढ्यात गर्दीतून रखमाजी पुढे आला.

"कोंडाजी, भिंत काय आता हलायची न्हाई. पट्टी अजून कापायची हाय."

एरवी कोंडाजी उसळला असता. या वेळी त्याने गुण्या पिशवीत टाकला. "धर मग ही पट्टी," तो म्हणाला, "तुजा कोपरा कसा हाय, ते तूच दाव मला."

रखमाजीने एक पट्टी दगडी दाराच्या वरच्या कडेला लावून कोपऱ्याच्या पुढे जाऊ दिली. दुसरी उभ्या कडेला लावून तिच्यावर आडवी टाकली. दोघींच्या बाहेरच्या कडा जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे कोंडाजीने खूण केली. आतल्या कोपऱ्यापासून त्या खुणेपर्यंत दोन्ही पट्ट्यांवर रेघ ओढली. भिंतीने जो कोन दिला होता, त्याचाच तो अर्धा कोन होता. मग त्याने करवत चालवली. रेघ ना तुटली, ना उरली.

पट्ट्या बसवल्या. आतून बाहेरपर्यंत त्या अशा मिटल्या, की कोंडाजीच हसायला लागला. आवडाबाईंचं नख एका पट्टीवरून दुसरीवर सरकत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. त्यांनी हलगीवाल्याला नुसती मान हलवून खूण केली.

मग काय विचारता! हलगी कडाडली, गुलाल उधळला, पोरांनी कोंडाजीला खांद्यावर घेतलं. देवळाभोवती त्याची वरात निघाली. आनंदाने त्याचे डोळे भरून आले होते. वरूनच तो ओरडला, "आरं, रखमाजीलाबी उचला. निम्मा सांधा त्याचा हाय."

तात्पर्य: चूक लाखेने झाकली तर ती आपल्यापाशीच राहते, कबूल केली तर सुधारता येते. आणि भिंत वाकडी म्हणून रुसून बसण्यापेक्षा तिचंच माप घेणारा खरा कारागीर.