शेवंती आणि खाडीची पळण

आटपाट नगर नव्हतं नि सोन्याचा राजवाडाही नव्हता. एक होती खाडी, खाडीच्या काठाला होतं एक गाव, आणि गावाच्या अगदी टोकाला, जिथं माडांची सावली पाण्यात पडते, तिथं राहायची शेवंती, तिची आई आणि तिचा धाकटा भाऊ भिकू. बाप वादळात होडीसकट गेलेला. आईच्या गुडघ्यांनी असा दगा दिला होता की उठून चुलीपर्यंत जाणं म्हणजे तिला डोंगर चढणं. घराचं छप्पर गळकं, शेवंतीचा परकर ठिगळांचा. पण ठिगळं कशी? एक निळं, एक पिवळं, एक डाळिंबी. चालायला लागली की वाटायचं, फुलपाखरूच उडत चाललंय.

पाणी ओसरलं की गावच्या बायका चिखलात उतरायच्या आणि तिसऱ्या वेचायच्या. तिसऱ्या म्हणजे इवल्याशा शिंपल्या हो, आत गोड मांस असलेल्या. शेवंतीही जायची. ओहोटीच्या चिखलावर ऊन पडलं की सगळा चिखल चांदीचा व्हायचा. लाल नांगीचे चिमुकले खेकडे जणू तिला या, या म्हणून बोलवायचे. कांदळाची झाडं मुळांच्या पायांवर उभी राहून पाण्यात आपली हिरवी हिरवी तोंडं बघायची.

बायका हाताला येईल ते टोपलीत टाकायच्या. शेवंती मात्र नखाएवढी तिसरी सापडली की परत चिखलात ठेवायची, वरून हलकेच थोपटायची आणि म्हणायची, "जा बाय, तुझी आई शोधत असेल." त्यामुळे तिची टोपली नेहमी सगळ्यांत हलकी.

एके दिवशी ती अशीच थोपटत असताना कुणीतरी खुदकन हसलं. बघते तर काय, निवटी मासा असतो ना, चिखलावर टुणटुण उड्या मारणारा, डोळे बाहेर काढलेला, त्याच्या पाठीवर बोटाएवढी एक परी बसलेली. फेसाचा पांढराशुभ्र झगा, शेवाळाचे हिरवे केस, आणि पंख तर शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे, कधी गुलाबी, कधी निळे, कधी रुपेरी.

परी म्हणाली, मी कांदळपरी. माझी लेकरं परत करणारं माणूस मला कितीतरी दिवसांनी भेटलं. तुला दोन मागणी देते, एक परकरात असताना मागायचं, एक लुगडं नेसायला लागल्यावर. पण माझे नेम आहेत हां. जे मागशील त्यातलं अर्धं मी देईन, अर्धं तू तुझ्या हातांनी करायचं. आणि ज्यानं दुसऱ्याचं ताट रिकामं होईल, असलं काही मागायचं नाही.

शेवंतीनं क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, "माझ्या आयेला उभी कर."

परीनं पंखावरचा एक रुपेरी थेंब तिच्या तळहातावर ठेवला. शेवंतीनं तो आईच्या गुडघ्यांना लावला, तशी अर्धी कळ गेली. उरलेली अर्धी घालवायला शेवंती रोज उंडीचं तेल कोमट करून चोळत बसायची, हात भरून यायचे तरी थांबायची नाही. आंब्याला मोहोर आला तेव्हा आई भिंत धरून उभी राहिली, आणि कैऱ्या उतरवायच्या वेळी तीच खाली उभी राहून भिकूला सांगत होती, "ती नको रे, ती अजून कवळी आहे."

दिवस गेले. आई सुखानं म्हातारी झाली आणि सुखानंच गेली. शेवंतीचं लग्न गावातल्याच वरच्या वाडीच्या वासूशी झालं. वासू भला माणूस, खाडीत होडी घालायचा. त्यांना एक लेक झाली, चंपी, गालांवर खळ्या आणि नाकावर कायम चिखल.

पण खाडीचं काही बरं नव्हतं. बायका आता फावडी नि चाळणी घेऊन उतरायच्या, नखाएवढी पिल्लंही सुटायची नाहीत. सरपणाला कांदळ तोडून तोडून काठ उघडा पडला. मासे अंडी घालायला येईनात. चिखल नुसता चिखल राहिला, करडा आणि मुका. एकेक घर कुलूप लावून शहराकडे जाऊ लागलं. भिकूही बायकोपोरांना घेऊन गेला. मग एका संध्याकाळी वासूनं खाली मान घालून सांगितलं की पावसाळ्यानंतरही खाडी अशीच राहिली, तर आपणही निघायचं.

शेवंती दुसऱ्या दिवशी ओहोटीला चिखलात जाऊन उभी राहिली, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून. निवटीवर बसून परी आली.

"ह्या खाडीत पुन्हा जीव येऊ दे," शेवंती म्हणाली. "कुणाला गाव सोडायला लागू नये."

परी म्हणाली, बरं. गाव थांबला की तिसऱ्यांची बाळं मी आणते आणि ह्या चिखलात पेरते. पण ती सुपारीएवढी होईपर्यंत इथं कुणाचं पाऊल पडता कामा नये. एक जरी पाऊल पडलं तर सगळी पेरणी ओहोटीबरोबर वाहून जाईल. लोकांना थांबवणं, ते तुझं अर्धं.

आता सांगा, तेलानं गुडघे चोळणं सोपं की अख्ख्या गावाला थांबवणं? शेवंती घरोघर फिरली. कुणी हसलं, कुणी दार लोटलं. तिची जाऊ भामा, तिची जीभ म्हणजे कोयती, ती तर अंगणातूनच म्हणाली, "परकरात होतीस तेव्हापासून चिखलाशी बोलतेस. आता पोरीला चिखलच वाढ."

त्याच दिवसांत गावपळण आली. आमच्या तिकडची रीत आहे ती. काही वर्षांनी एकदा, देवाचा कौल मिळाला की सगळा गाव घरं सोडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतात. मोठी मजा असते, एका चुलीवर चार घरांचं शिजतं, म्हातारी माणसंही पोरांसारखी वागतात. मग पुन्हा कौल घेऊन सगळे घरी येतात.

ह्या वेळी गाव परतला तेव्हा शेवंती सगळ्यांच्या पुढं होती. बघते तर अंगणात पाखरांच्या पावलांची रांगोळी. उपसून उपसून तळाला गेलेल्या विहिरीत पाणी वर आलेलं. देवळाच्या पायरीवर निळाजांभळा खंड्या राजासारखा बसलेला, माणसं दिसली तरी हलायला तयार नाही.

शेवंती देवळासमोर गावच्या मानकऱ्यापुढं, आबा गावकारांपुढं उभी राहिली. सगळा गाव मागं होता. ती हळूच म्हणाली, "आबानू, आपण चार दिवस नव्हतो तर विहीर भरली. खाडीला आपण एक दिवस कधी सोडलंय? तिलाही पळण द्या."

असलं कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. आबांनी मिशीवरून हात फिरवला, देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि कौल मागितला. उजवी पाकळी पडली. देव हो म्हणाला. मग ठरलं की होळीपासून नारळी पुनवेपर्यंत चिखलात कुणी उतरायचं नाही. खायला नाचणी आहे, कुळीथ आहे, सुकी मासळी आहे, पुरुष खोल पाण्यात जाळी टाकतील. आबांनी एवढंच बजावलं की मागणारी शेवंती, तेव्हा राखण तिची. तिच्या घरचं पाऊल पडलं तर पळण मोडली.

शेवंती रोज काठानं फिरायची. फिरता फिरता कांदळाच्या लांब लांब शेंगा काठावर रोवायची. चंपीही मागून यायची, एक शेंग उलटी, एक सुलटी.

आषाढात चंपीला ताप आला. वैद्यानं काढा दिला, ताप उतरला, पण पोरीचं तोंड असं कडू झालं की अन्नाला शिवेना. गालांवरच्या खळ्या गेल्या. आईला बिलगून एकच म्हणायची, "आये, तिसऱ्यांचं सार दे."

पहाटेच्या ओहोटीला शेवंती काठावर आली. चिखलात बारीक बारीक भोकं दिसत होती, प्रत्येक भोकाखाली एकेक तिसरी. हात लांब केला असता, एक पाऊल टाकलं असतं, तर वाटीभर मिळाल्या असत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती शेवटच्या दगडावर बसली, पदर तोंडात कोंबला आणि पोटभर रडली. मग उठली आणि रिकाम्या हातानं घरी गेली.

उजाडल्यावर दारात भामा. हातात वाफाळतं गाडगं, कुळथाचं सार, वर लसणीची चरचरीत फोडणी, दोन आमसुलं टाकलेली. चंपीजवळ बसली, स्वतः फुंकर घालून एकेक घोट पाजला. पोरीनं सगळं गाडगं संपवलं आणि ओठ चाटले.

भामा शेवंतीकडं न बघता म्हणाली, "मी होते गो तिथं पहाटे. झाडामागं. टोपली घेऊन."

शेवंतीनं पदरानं चंपीचं तोंड पुसलं.

"तुझं पोर आजारी असून तुझा हात पुढं गेला नाही. मला तर नुसती चव आठवली होती." भामानं डोळे पुसले आणि लगेच कपाळाला आठी घातली. "आता बघते कोण उतरतोय ते."

मग काय विचारता. त्या दिवसापासून खाडीवर भामाचा असा आवाज घुमायचा की बगळेसुद्धा विचारून उतरायचे.

नारळी पुनवेला सगळा गाव नवे कपडे घालून खाडीवर आला. आबांनी नारळ पाण्यात सोडला आणि बायका चिखलात उतरल्या. पहिलीच मूठ भामानं वर काढली. सुपारीएवढ्या तिसऱ्या, टपोऱ्या, जांभळ्या, करड्या, पिवळ्या रेघांच्या! काठावर कांदळाची इवली रोपं दोन दोन पानं फुटून उभी होती आणि त्यांच्या मुळांत माशांची पिल्लं चमचमत होती. बायकांनी मोठ्या तेवढ्याच वेचल्या. लहान सापडली की जिची ती परत ठेवत होती.

शेवंतीला पाण्यावर तरंगणारा नारळ दिसला. त्यावर परी बसली होती, पाय पाण्यात सोडून.

"शेवंते, मी निघते," ती म्हणाली. "पलीकडच्या खाडीत एक पोर बसलीय, रिकामी टोपली घेऊन." तिनं पंख उघडले. गुलाबी, निळा, रुपेरी असा उजेड पाण्यावर पसरत गेला, पसरत गेला, आणि बघता बघता तो उजेड म्हणजे नुसतं सकाळचं ऊन झालं.

वासूनं पुन्हा गाव सोडायचं नाव काढलं नाही. शेवंती केस पिकेपर्यंत दरवर्षी खाडीला पळण देत राहिली आणि आजूबाजूच्या गावांनीही ती रीत उचलली. पण त्या पहिल्या वर्षाचं सांगते. दिवाळीला एकेका घराचं कुलूप निघू लागलं. आणि भाऊबिजेच्या सकाळी शेवंतीच्या दारात भिकू उभा राहिला, बायको, दोन पोरं आणि सगळं बिऱ्हाड घेऊन, कायमचा. शेवंतीनं ओवाळलं, त्यानं ताटात काय घातलं ते तिनं पाहिलंसुद्धा नाही, ती भावालाच बघत होती. मग तिनं तिसऱ्यांचं कालवण करायला घेतलं. पण माणसं इतकी झाली की घरातलं एकही भांडं पुरेना, आणि चंपी पळत पळत भामाकडून मोठा टोप मागून घेऊन आली.