कडू नसलेला वाळुंज

“पण बाई, आयुष्यात एकदा तरी ‘छान’ म्हणायला तुमचं काय जातं?”

यशोधन शेलारने हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात कुंडी होती आणि कुंडीत त्याने स्वतः तयार केलेलं वाळुंजाचं रोप. समोर ओसरीवर त्याच्या गुरू मृणालिनीबाई बसल्या होत्या. नदीकाठच्या झाडांचा अभ्यास करण्यात बाईंचा जन्म गेला होता आणि आता त्या कृष्णेच्या काठी, वाळुंजाच्या सावलीतच येऊन राहिल्या होत्या. झाडांशी मऊ, माणसांशी फटकळ. त्यांच्या दाराबाहेर डोळे पुसले नाहीत असा त्यांचा एकही विद्यार्थी नव्हता.

रोपाची एक बारीक काडी मोडून बाईंनी दाताखाली धरली.

“कडू नाही.”

“नाहीच! तेच तर केलंय, बाई. वाळुंजाची साल म्हणजे कडूजहर. तो कडू रस बनवण्यात झाड आपली निम्मी कमाई उधळतं. मी संकर केला, रोपांची जनुकं तपासली आणि तो रस बनवायचं विसरलेलं एक रोप निवडलं. आता सगळी कमाई लाकडात! बुंध्यापासून छाटा, उसाच्या खोडव्यासारखं पुन्हा फुटतं. लाकडातून साखर, साखरेतून इंधन. गाड्या धावतील या झाडावर.”

“हं...”

दुसऱ्या दिवशी लागवड सुरू व्हायची होती. यशोधनच्या एका शब्दावर त्याच्या संस्थेने नदीकाठची अख्खी गाळाची मळई घेतली होती आणि लावायच्या फांद्यांच्या जुड्या पाण्यात भिजत पडल्या होत्या. हा वाण फसला तर पुन्हा कुणी त्याला कुंडीभर मातीसुद्धा देणार नव्हतं. पोटात भीती असली की माणसाला शाबासकीची भूक जरा जास्तच लागते, आणि ती भूक घेऊन यशोधन बाईंकडे आला होता.

बाईंनी ती काडी पुन्हा एकदा चावून पाहिली.

“छान,” त्या म्हणाल्या.

झालं! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. यशोधनने कुंडी ओसरीच्या कडेला, एरंडाच्या झुडपाशी ठेवली, बाईंच्या पायाशी बैठक मारली आणि बोलत सुटला. चहा झाला, पुन्हा चहा झाला, तरी त्याचं बोलणं संपेना.

“सगळी मळई एकाच झाडाच्या फांद्यांनी भरायची, बाई. इकडून तिकडे एकच जीव.”

“वा.”

“कडेचे जुने वाळुंज काढून टाकले. सरमिसळ नको.”

“छान केलंस.”

“किडीची फवारणीसुद्धा हिशेबात धरलेली नाही. काचघरात एक पान कुरतडलं गेलं नाही.”

“किती छान!”

यशोधन थांबला. काचघरातली गोष्ट उघड्या रानाला लावतोस होय रे, हे बाईंनी इथे म्हणायला हवं होतं. तो वाट पाहत राहिला...

बाई नुसत्या हसल्या.

त्याला प्रबंधाचे दिवस आठवले. चार लोकांत बाईंनी त्याची वही टेबलावर आपटली होती. “हे झाड नर आहे आणि तू मादी लिहिलंयस. डोळे घरी ठेवून आलास का?” त्या दिवशी तो संतापाने रडला होता. पुढे परीक्षकांसमोर उभा राहिला तेव्हा मात्र त्यांना बोट ठेवायला जागा सापडली नव्हती.

“बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम आहे.”

“मग... रागवा ना काहीतरी.”

“कशाला? इतकं गुणी पोर.”

इतकी वर्षं यशोधनला बाईंच्या रागाची धास्ती होती. आज त्यांच्या कौतुकाची त्याहून जास्त वाटली.

निघावं म्हणून त्याने कुंडीला हात घातला आणि तो तसाच राहिला.

रोपाला शेंडा नव्हता. दोन सुरवंट खालच्या पानावर निवांत जेवत होते. ओसरीवर झुकलेल्या जुन्या वाळुंजाची फांदी एरंडाला टेकली होती, पण तिची कडू पानं शाबूत होती.

“तुम्ही इथंच बसला होता, बाई. तुम्हाला हे दिसत होते?”

“दिसत होते की. एरंडावरून उतरले तेव्हापासून.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू केवढा खुशीत होतास...”

रोपापेक्षा यशोधनला स्वतःचीच कीव आली. खाली नदी संथ वाहत होती, आणि त्याच पाण्यात त्या जुड्या भिजत होत्या.

“बाई, खरं सांगा,” तो अगदी हळू म्हणाला. “उद्याची लागवड थांबवू का?”

बाईंनी तोंडातली काडी काढून अंगणात टाकली.

“मला नको विचारूस, बाळा... आजच्या दिवस मी तुझ्याच वाणाची आहे.”