पाहुण्यांचं सरबत

एका शाळेत एकदा भरल्या ताटांपुढे मुलं खोळंबून बसली होती. शाळेचा वर्धापनदिन होता. वाढप झालं होतं, पण शाळेला खोल्या बांधून देणारे एक व्यापारी यायचे होते, आणि पाहुण्यांआधी घास घ्यायचा नाही ही तिथली रीत.

पंगतीच्या टोकाला शाळेचे संस्थापक, वृद्ध गुरुजी बसले होते. शेजारी त्यांचाच एके काळचा शिष्य. आता तो तिथला मुख्याध्यापक. समोर मृदुला. या चिमुरडीला मधुमेह जडला होता. जेवणाआधी तिला इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागे. आजही तिनं ती वेळेवर घेतली होती. जेवण मात्र पुढे पुढे चाललं होतं.

तिनं हात वर केला. "सर, माझी ग्लुकोजची पुडी द्या ना."

"वेडी का काय? तुला शुगर आहे ना!" मुख्याध्यापक मायेनं हसला आणि गुरुजींना म्हणाला, "दप्तरात सापडली, कपाटात ठेवली कुलपात. तिच्या आईला शब्द दिलाय मी, साखरेचा कण पोटात जाऊ देणार नाही."

गुरुजींनी मुलीकडे निरखून पाहिलं. कपाळ घामानं डबडबलेलं, ओठ पांढरे पडलेले. ते तडक उठले, पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला लिंबू सरबताचा पेला उचलला आणि तिच्या ओठांना लावला.

नेमके तेव्हाच व्यापारी दारात उभे.

"गुरुजी!" शिष्याचा आवाज चिरकला. "पाहुण्यांचं सरबत उष्टं केलंत! आणि तिला साखर? तिचं काही बरंवाईट झालं तर?"

"पी बाळ, सावकाश," गुरुजी एवढंच बोलले. पेला संपला. हळूहळू मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला. "आता जेव," म्हणत त्यांनी स्वतःही घास घेतला.

मग शिष्याकडे वळले. "अरे, ती सुई रक्तातली साखर उतरवते. वर अन्न गेलं तर ठीक. अन्न खोळंबलं तर साखर उतरतच राहते, मूल बेशुद्ध पडतं, जिवावरही बेततं. त्या वेळी साखर हेच औषध. तिच्या आईनं मला समजावलं. ती तुझ्याकडेही आली होती ना?"

शिष्य मटकन खाली बसला. "आली होती. सांगू लागली, तर मीच म्हणालो, मला सगळं ठाऊक आहे, माझ्या वडिलांना शुगर आहे."

व्यापारी दारातच थिजले होते. "ही लेकरं माझ्यासाठी उपाशी?" ते कसेबसे म्हणाले. "अहो, मी तर वाटेत जेवून आलो."



दुसऱ्या दिवशी शिष्यानं मृदुलाच्या आईला बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि सगळ्या शिक्षकांसह स्वतः ऐकायला समोर बसला. तिचं बोलून झाल्यावर त्यानं मुलीला जवळ घेतलं. "आणि तुला काय होतं गं, साखर उतरली की?"

"आधी हात थरथरतात, सर. मग अंधारी येते. आणि मग तुमचा खूप राग येतो."

"यायलाच हवा," तो म्हणाला. "अजून काय होतं?" आणि गप्प बसून ऐकू लागला.

आपल्याही शाळेत असं एखादं लेकरू असेल. त्याची काळजी वाहण्याआधी त्याच्या आईचं बोलणं पुरतं ऐकून घ्यावं, बाबांनो.