आवाज कुणाचा कमी करायचा?

आमच्या भजनी मंडळाने गौरीची गाणी रेकॉर्ड केली. जो तो नव्या सुमेधाचंच कौतुक करू लागला, आणि प्रमुख कुमुदवहिनींच्या पोटात दुखू लागलं.

मिक्सिंग करणाऱ्या वैजूला एकटीला गाठून त्या म्हणाल्या, "सुमेधाचा आवाज काढूनच टाक. माझ्यावर चढते मेली!"

वैजू म्हणाली, "वहिनी, हा हेडफोन लावा. खुपेल तिथे हात वर करा. तेवढं कमी करते."

पहिल्याच ओळीला वहिनींचा हात वर. "बघ, कशी ओरडते!" दुसऱ्या ओळीला पुन्हा. "मध्येच श्वास घेते! गौराईला तरी ऐकवेल का हे?"

वैजू हळूच म्हणाली, "वहिनी, सुमेधाचा आवाज मी आधीच बंद केलाय. हा एकट्या तुमचा. रेकॉर्डवर आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो हो, सगळ्यांनाच. आता दोघींचा एकत्र ऐका."

शेवटच्या ओळीपर्यंत वहिनींचा हात एकदाही वर गेला नाही.

बाहेर बायका वाटच बघत होत्या. "काय ठरलं, वहिनी?"

"सुमेधाचा आवाज जरा वाढवायला सांगितलाय," वहिनी पदर सावरत म्हणाल्या. "पोर फार लाजून गाते."

त्या वर्षी गौराई दोघींच्या आवाजात घरोघरी आली.