कोठाराच्या दारातला एकच शब्द

एका राज्यात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हा त्या नियमाचाच अर्धा भाग होता. राजकोठाराशी वस्तू आली, की चोपदाराने चांदीची काठी तीनदा आपटावी, वस्तूचं नाव घ्यावं आणि म्हणावं, ‘मिळाली.’ कशी मिळाली, कुणाकडून मिळाली, देणारा हसत होता की रडत होता, हे विचारायचं नाही.

फार पूर्वी असं नव्हतं. तेव्हा चोपदाराजवळ बारा शब्द होते. रानातली फुलं आली तर तो म्हणे, वेचली. पालेभाजी आली तर, खुडली. घामाचं असेल ते कमावलं, विनवून आणलेलं असेल ते मागितलं. आणि कुणाच्या हातून ओढून आणलेलं असेल, तर तेही त्याला म्हणावंच लागे: हिसकावलं. तो शब्द ऐकला की कोठाराचं दार उघडत नसे. वस्तू आल्या वाटेने परत जाई.

मग एका राजाने एका मांत्रिकाचा तांब्याचा कटोरा ओढून आणला, आणि दार उघडेना. तेव्हा दरबारातल्या पाच जाणत्यांनी तोडगा काढला. इतके शब्द हवेत कशाला? एकच ठेवू. सभ्य, गुळगुळीत, कुणाला न टोचणारा. चोपदार म्हणाला, ‘मिळाला,’ आणि दार उघडलं. त्याच क्षणी मांत्रिक दिसेनासा झाला. नुसता आवाज उरला, आणि तो आवाज म्हणाला, “ज्याचं घ्याल तो दिसणार नाही. आणि ज्या शब्दांना भ्यालात, ते तुमच्या जिभेवर येणार नाहीत.”

तेव्हापासून तसंच चाललं होतं. जिची गळ्यातली सरी कोठारात गेली, तिचा गळा दिसत नसे. ज्याची होडी गेली, त्या नावाड्याचे खांदे दिसत नसत. बाजारात नुसती मुंडाशी चालत येत, खाली माणूस नसे. लोक बाजूला सरत आणि मुंडाशाला भाव विचारत. सगळ्यांना सवय झाली होती. राजमुद्रा जाणत्यांनी ‘सांभाळायला’ म्हणून कोठारात ठेवली, तेव्हापासून राजाही दिसत नसे. सिंहासनावर मुकुट तरंगे, आणि मुकुटाच्या वतीने जाणते बोलत.

चोपदार भैरोजीला उल्का नावाची एक नात होती. उल्काची आई म्हणजे भैरोजीची लेक. ती विणकरीण होती. तिचा माग कोठारात गेला तेव्हा दाराशी काठी आपटून ‘माग मिळाला’ असं म्हणणारा तिचा बापच होता. तेव्हापासून आईचे हात कोपरापर्यंत दिसत नसत. परातीत पीठ आपोआप मळलं जाई, त्यावर बोटांचे ठसे उमटत. फणी उल्काच्या केसांतून एकटीच फिरे. बोटं मात्र ऊबदार असत.

उल्काने एकदा विचारलं होतं, “आईचा माग कसा मिळाला, आजोबा?”

“विचारायचं नाही.”

“तुम्ही कधी विचारलं होतं?”

“तुझ्याएवढा होतो तेव्हा. मग शहाणा झालो.”

“शहाणे झालात की थकलात?”

भैरोजी काठी पुसत बसला.

त्या वर्षी जाणत्यांनी ठरवलं, की भैरोजी म्हातारा झाला, दसऱ्याच्या दुपारी काठी उल्काच्या हाती द्यायची. चोपदारही कोठाराचाच, म्हणून नव्या चोपदाराने पहिला पुकारा स्वतःचा करायचा: ‘उल्का मिळाली.’ शेजारणी ओवाळायला आल्या. आईने पेढा भरवला, आणि भरवता भरवता आईचीच हनुवटी दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी कान गेले. पुकारा झाला की आई सगळीच जाणार, हे उल्काला कळलं. भैरोजीलाही कळलं होतं. तो त्या दिवसापासून लेकीकडे पाहीनासा झाला.

कोठाराच्या आढ्यावर एक भारद्वाज बसत असे. त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल होते. तो कुणाशी बोलत नसे, कारण त्याला कुणी काही विचारत नसे. उल्काने विचारलं.

“गेलेले शब्द परत कसे येतील?”

“करशील ते म्हणता येईल,” भारद्वाज म्हणाला. “तीन वस्तू. पहिली वेच. दुसरी माग, पण जो नाही म्हणू शकेल त्याच्याकडे. तिसरी घेऊ नकोस, म्हणजे उरलेले शब्दही सुटतील.”

उल्काने ते शब्द म्हणून पाहिले. जीभ टाळूला चिकटली.

“तिसरी कोणती?”

“ती लोकच आणून देतील. वाजतगाजत.”

उल्का उत्तरेच्या रानात गेली. जे पुरते दिसेनासे होत, ते तिथे राहायला जात. रानात कुणीच नव्हतं, आणि चुलींतून धूर निघत होता. एक झोळी झाडाला हलत होती, तिच्याजवळ कुणीतरी अंगाई म्हणत होतं. गवत पावलापावलाने दबत तिच्या मागे येत होतं. मधोमध बकुळीचं झाड होतं. त्याची एक फांदी खाली वाकली आणि टवटवीत फुलं तिच्या ओठांपर्यंत आली.

“तोड की,” कानाशी कुणीतरी म्हणालं. “झाड कुणाचंच नाही.”

उल्काला घाई होती. तिला नेहमीच घाई असे. तिचा हात वरही गेला, आणि फांदी दचकून थरथरली, आई झोपेत दचके तशी. उल्काने हात मागे घेतला आणि मातीत उकिडवी बसली. गळालेली फुलं इवलीशी, कडा तपकिरी, धुळीने भरलेली. ती एकेक उचलू लागली. तिच्यापुढचं गवत अदृश्य हात बाजूला सारत होते. पदर भरला तेव्हा जीभ सुटली.

“वेचली,” ती म्हणाली.

“वेचली,” शंभर गळे तिच्यामागून म्हणाले, आणि रान पुन्हा मुकं झालं.

राज्यात राजाच्या माणसाला नाही म्हणू शकेल असा एकच जण होता, कारण त्याच्याजवळ कुणाला घ्यावंसं वाटेल असं काही उरलंच नव्हतं. कटोरा गेलेला तो मांत्रिक कोरड्या बारवेत राहत असे. भर दुपारीही पायऱ्यांवर अंधार होता. शेवटच्या पायरीवर तांब्याचं एक झाकण पडलं होतं.

“हे झाकण मला द्याल का?” उल्काने विचारलं.

“नाही,” अंधार म्हणाला. “कटोरा गेला. माझं म्हणण्यासारखं एवढंच आहे.”

झाकण हाताच्या अंतरावर होतं. अडवायला कुणी दिसत नव्हतं. उल्काचे कान रागाने तापले. आईचे डोळे तेवढे उरले असतील, आणि या म्हाताऱ्याला झाकणाचं पडलंय. पण ती वळली आणि पायऱ्या चढू लागली. सत्तर पायऱ्या चढली.

“थांब. चार राजांचे शिपाई येऊन गेले,” खालून आवाज आला. “नाही ऐकून परत फिरलेली तू पहिली. ने.”

आणि झाकण ठण् ठण् करत एकेक पायरी आपणच चढून तिच्या हातात आलं.

“मागितलं,” उल्का म्हणाली. जीभ अडली नाही.

ती परतली तेव्हा दसऱ्याची दुपार झाली होती. कोठारापुढे ताशे वाजत होते. गर्दीत एक हिरवं लुगडं उभं होतं, आणि त्याच्यावर नुसते दोन डोळे. उल्काने फुलं झाकणात ओतली, झाकण दाराशी ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, “ही वेचली. हे मागितलं.”

ताशे थांबले. दाराच्या आत काहीतरी कण्हलं.

“हे शब्द आपल्या राज्यात नाहीत, पोरी,” आताच्या पाच जाणत्यांतला थोरला धर्मसेन म्हणाला. त्याचा सूर गोड होता. भैरोजीच्या हातून काठी घेऊन त्याने ती तिच्यापुढे धरली. “तुझ्या वयात आम्हीही असेच तडफडायचो. काठी घे, म्हण ‘उल्का मिळाली’. मग आत ये आणि आतून बदल काय बदलायचं ते. आम्ही काय अमर आहोत?”

काठीची चांदी झळकत होती. उल्काने आजोबांकडे पाहिलं. तेही एकदा असंच बदलायला आत गेले होते. मग तिने त्या दोन डोळ्यांकडे पाहिलं. त्यांतला एक विरत चालला होता.

“नाही,” उल्का म्हणाली. “मी काठी घेत नाही. मी कुणालाही मिळालेली नाही. आणि माझ्या आईचा माग तुम्हाला मिळाला नव्हता. हिसकावला होता.”

काठी धर्मसेनाच्या हातात उभी चिरली. कोठाराचं दार उघडलं, पण आत नव्हे, बाहेरच्या बाजूला. तसं ते कधी उघडलं नव्हतं. आधी तांब्याचा कटोरा गडगडत आला आणि झाकणाखाली जाऊन बसला. मग आपल्या लाकडी पायांवर खडखडत माग आला, होडी आली, सऱ्या, वाळे, पाळणे आले, ज्याचं त्याच्यापाशी. मुंडाशांखाली चेहरे उमटले. मुकुटाखाली एक थकलेला म्हातारा दिसू लागला आणि त्याने आपली मुद्रा मुठीत घट्ट धरली. उल्काच्या खांद्यावर हात पडला. त्या हाताची बोटं तिला ठाऊक होती. त्यांच्यावरचे सुताचे चरे तिने आज पहिल्यांदा पाहिले.

भैरोजी लेकीसमोर आला.

“मी हिसकावला,” तो म्हणाला.

धर्मसेनाने लोकांना शांत करायला हात वर केला. पण तो जुना, गुळगुळीत शब्द त्याच्या जिभेवर येईना. त्याने दुसरे शोधले. करावं ते म्हणता येतं, आणि या पाचांनी आयुष्यात काही वेचलं नव्हतं, मागितलं नव्हतं, कमावलं नव्हतं. त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तो कोणता हे आता समोरच्या प्रत्येकाला दिसत होतं.

पाचही जाणते तोंडं उघडून उभे राहिले. मग त्यांनी ती मिटली.