समुद्रावरचा सातवा होल

हे कोणाला सांगू नकोस, असं आईने बजावलं आहे. भाऊ तिचा आहे ना. म्हणून मी नाव घेणार नाही.

एका गावात एक भोळा मामा होता. कोणाचा, ते विचारू नका. वय अडतीस, लग्न ठरत नव्हतं. गावच्या सड्यावर, म्हणजे समुद्रालगतच्या उंच माळावर, गोल्फचं मैदान झालं आणि मामाला राजाध्यक्ष साहेबांची काठ्यांची पिशवी उचलायचं काम मिळालं. आठवडाभर टिकलास तर कायम, असं साहेब म्हणाले. कायम झाला तर मुलगी देतो, असं मुलीचे वडील म्हणाले. दोघेही मामाला नीट ओळखत नव्हते.

पहिल्या दिवशी साहेबांनी चेंडू लांब मारला. मामा धावत गेला, चेंडू पुसला आणि साहेबांना परत आणून दिला. साहेबांनी समजावलं, चेंडूला हात लावायचा नाही, नुसतं लक्ष ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी चेंडू उतारावरून समुद्राकडे घरंगळला. मामा त्याच्याबरोबर कड्यापर्यंत चालत गेला.

"मला हाक का नाही मारलीस?"

"लक्ष ठेवत होतो, साहेब. बुडेपर्यंत ठेवलं."

चेंडू निघाला की हाक मारायची, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी चेंडू, तो ज्यात घालायचा त्या होलपासून वीतभर होता. साहेबांनी श्वास रोखून काठी मागे नेली. मामाने कानाशी जाऊन हाक मारली, "साहेब, निघतोय." काठी जमिनीत घुसली, ढेकूळ उडालं. साहेब म्हणाले, यापुढे तोंड उघडू नकोस, आणि गवतात खड्डा दिसला की वाळू घालून बुजव. हे काम मामाला फार आवडलं.

रविवारी स्पर्धा होती. सातवा होल म्हणजे मैदानाची शान. या कड्यावरून मारायचं, मध्ये समुद्र, पलीकडच्या कड्यावर होलमध्ये रोवलेला झेंडा. साहेब देशोदेशी खेळले होते, पण एका फटक्यात चेंडू होलमध्ये कधी गेला नव्हता. त्यांनी मामाला आधीच पलीकडे पाठवलं आणि मारलं. चेंडू समुद्र ओलांडून गेला, एक टप्पा घेतला आणि सरळ आत. इकडून कोणालाच दिसलं नाही. पाहिलं ते एकट्या मामाने.

वळसा घालून मंडळी पंधरा मिनिटांनी पोचली. मामा झेंडा खांद्यावर घेऊन उभा. चेंडू सापडेना. मग लक्षात आलं, होलही सापडेना. मामा तोंड उघडेना. शेवटी साहेबांनी बोलायची परवानगी दिली.

"चेंडू आत गेला, साहेब. झेंडा काढून बघतो तर केवढा खड्डा. बुजवला. वर गवतसुद्धा लावलं."

यावर साहेब काय म्हणाले, ते मामाने मला जसंच्या तसं सांगितलंय. ते म्हणाले, अरे तुझ्या... आले गं आई, काही नाही, अभ्यासच करते आहे, मामाचं नाव मी कुठे